कुऱ्हाडीच्या तालावरचं गाणं

धुळ्याला कॉलेजात असताना होस्टेलवरच्या एका मित्राने कुठूनशी एक सीडी आणली होती. ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ कोएन बंधूंचा २००० सालचा सिनेमा. १९३७ च्या मिसिसिपीत एकाच साखळीत बांधलेले तीन कैदी पळतात आणि पुरून ठेवलेल्या पैशांच्या मागे रानोमाळ भटकतात. वाटेत त्यांना भामटे भेटतात, पुढारी भेटतात, पाठीवर पोलीस असतातच. आम्ही पोट धरधरून हसलो. संवाद निम्मेच कळत होते. पण जीव मुठीत धरून पळणाऱ्या जॉर्ज क्लूनीला केसांच्या पोमेडची जी काळजी लागलेली असते, ती कळायला भाषा लागत नव्हती.

मनात घर केलं ते मात्र सुरुवातीने. कैदी दगड फोडतायत, एकजण ओळ उचलतो, बाकीचे ती झेलतात. वाद्य एकही नाही, ठोका तेवढा हत्यारांचा. हे गाणं मला परकं वाटलंच नाही. चोपड्याकडच्या आमच्या शेतात कापूस वेचायला येणाऱ्या बाया अशाच गायच्या. कमरेला झोळी, दोन्ही हात बोंडांवर. एकीने पुढे म्हणायचं, बाकीच्यांनी मागून. पुढची बाई तासाच्या टोकाला पोचली की तिचा आवाज लांबून यायचा आणि मागच्यांचा जवळून, त्यामुळे गाणं सगळ्या वावरभर पसरल्यासारखं वाटायचं. सालदार बांधावर थांबून ऐकायचा. आखाजीला झोक्यावर बसलेल्या याच बाया वेगळं गायच्या, मोकळ्या गळ्याने. वेचणीच्या गाण्यात दम राखून ठेवलेला असायचा.

मिसिसिपी हाही कापसाचाच मुलूख. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. जळगावची पेठ त्याच वर्षांत भरभराटीला आली. गुलामगिरी राहणार की जाणार यावर तिकडे माणसं मरत होती आणि इकडे आमच्या गाठींचे दर चढत होते. जिनिंगवरून जाताना ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

कैद्यांचा सिनेमा म्हटला की आमच्या घरात एकच नाव निघायचं, व्ही. शांताराम यांचा ‘दो आंखें बारह हाथ’. १९५७ चा. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून सुचलेला, वसंत देसाईंच्या संगीताचा. वडिलांच्या लेखी तो सिनेमा म्हणजे संस्कार. तो मोठाच आहे. पण त्यातल्या कैद्यांना सुधारायचं असतं. कोएन बंधूंच्या कैद्यांना फक्त सुटायचं असतं, आणि त्यांचं गाणं मला जास्त जवळचं वाटतं.

पुढे जळगावला नोकरी लागल्यावर त्या सिनेमाच्या गाण्यांचा अल्बम मिळवला. टी बोन बर्नेट या संगीतकाराने गाणी चित्रीकरणाआधीच मुद्रित करून घेतली होती. जुन्या डोंगरी, शेतकरी, चर्चमधल्या गाण्यांच्या या अल्बमला २००२ साली वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी मिळालं. मात्र सुरुवातीचं ते गाणं सिनेमासाठी कुणाकडून गाऊन घेतलेलं नव्हतं. लोकगीतं गोळा करत फिरणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्स यांनी १९५९ साली मिसिसिपीच्या सरकारी तुरुंगात ते टिपलं होतं. लाकडं फोडणारे कैदी खरे, कुऱ्हाडींचा आवाज खरा. पुढे गाणाऱ्याचं नाव होतं जेम्स कार्टर. अल्बम लाखांनी खपू लागला, तेव्हा लोमॅक्स यांच्या संग्रहाच्या माणसांनी त्यांचा शोध घेतला. सत्तरी ओलांडलेले कार्टर शिकागोत सापडले. त्यांच्या हातात वीस हजार डॉलरचा चेक पडला आणि ग्रॅमीच्या सोहळ्यालाही ते जाऊन आले. २००३ साली ते वारले. सिनेमातही हेच घडतं: ते तिघे चार पैशांसाठी रेडिओ स्टेशनवर गाऊन पुढे पळतात, रेकॉर्ड गावोगाव वाजते आणि त्यांना पत्ताच नसतो.

कार्टर सापडले कारण लोमॅक्स यांनी गाण्याबरोबर नाव लिहून ठेवलं होतं. हे वाचलं आणि मला आमच्या वावरातल्या बाया आठवल्या. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हातात आहे. त्याच गुरुजींनी पुढे बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ छापलं. पण त्या ओव्या मुळात कुणाकुणाच्या, हे सांगायला कोण उरलं होतं? आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव कवी होता, घरात टिपून घेणारे होते, म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ‘बहिणाबाईंची गाणी’ निघालं आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. शेजारच्या वावरात तेवढ्याच ताकदीची दुसरी कुणी बाई गात नसेल, असं मी मानायला तयार नाही.

म्हणून गेली काही वर्षं वेचणीच्या हंगामात मोबाइल घेऊन जातो. आता बाया गातात कमी. मुकादमाच्या टेम्पोतून येतात, किलोवर मजुरी असते, कुणाच्या तरी मोबाइलवर अहिराणी डीजे चालू असतो. एखादी म्हातारी मात्र अजून ओळ उचलते. मी आधी नाव विचारतो, मग गाव, मग गाणं. यंदा एकीने नाव सांगायला आधी साफ नकार दिला. गाणं तिचं नव्हतं, सासूचं होतं, आणि नाव लिहायचं तर सासूचंच लिही, असं तिने मला बजावलं. मी दोघींची नावं लिहिली. सासूचं माहेर तिला नक्की आठवेना, धरणगावच्या बाजूचं असावं म्हणाली. दिवाळीनंतर तिकडे जाऊन विचारायचं ठरवलंय.