हात काढून घेताना

तिसगावात लहानपणी मी ओट्यावर बसून पाणी आणणाऱ्या बायकांची चाल बघायचे. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी. पाऊल पडलं की कंबर त्या अंगाला किंचित झुलायची, खांदे उलटे वळायचे आणि पाण्याचा थेंब सांडायचा नाही. चालण्याचा निम्मा कारभार कमरेत असतो, हा धडा फिजिओथेरपीच्या पुस्तकांआधी मला त्यांनीच दिला.

पुढे पुण्यात लोकोमॅट हे यंत्र हाताळू लागले. मूळ झुरिकचं. रुग्णाला पट्ट्यांनी वरून तोलून धरायचं, पायांखाली फिरता पट्टा, आणि खुबा-गुडघा हलवायला मोटारी. मोकळ्या चालीत कंबर पावलागणिक चार-पाच सेंटिमीटर वर-खाली होते, बाजूलाही जवळपास तितकीच सरकते. जुन्या यंत्रांत ती जखडलेली असे. पाय अचूक पडत. पण वजन या पायावरून त्या पायावर टाकणं शरीराला उमगत नसे. नंतरच्या यंत्रांत कमरेला सरकायला, वळायला वाव मिळाला.

पक्षाघातानं उजवं अंग गेलेल्या आमच्या गावाकडच्या एक मावशी आल्या. जन्म ऊसतोडीत गेलेला. यंत्रात त्यांची पावलं सुरेख पडत होती, मी खूश होते. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मशीनच चालतंय गं पोरी. म्या नुसती लटकलेय."

खरंच होतं. यंत्रानं सगळा भार उचलला की शरीर आपला जोर सोडून देतं. मी मोटारींचं साहाय्य थोडं थोडं उतरवत गेले. चाल बिघडली, गुडघा अडखळला, मावशींना घाम फुटला. आता त्या चालत होत्या.

पक्षाघातानंतर पहिल्या तीन महिन्यांत, अजिबात चालू न शकणाऱ्यांना अशा यंत्रांचा जास्त फायदा होतो, तोही नेहमीच्या व्यायामांच्या जोडीनं. जे थोडंफार चालतात, त्यांचा वेग थेरपिस्टच्या हातांनी अधिक सुधारला, असं २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. हात चुकू देतो, आणि चुकलं की सावरतो. आपला पांगुळगाडा तेच करतो: आधार देतो, पण ढकलायचं बाळानंच.

सुट्टीत गावी गेले तेव्हा मावशींच्या अंगणात उभी राहिले. जमीन उंचसखल, वर पट्टा नाही. दोन्ही तळवे त्यांच्या कमरेला लावले. तिसऱ्या पावलाला उजवीकडची कंबर माझ्या तळव्याखालून आपणहून सरकली. मी हात काढले. लांब मात्र नेले नाहीत.