हात कोण उचलतो? : समरकंद-बुखाऱ्याहून दोन पत्रे

समरकंद

ती. अण्णांस सा. न.,

इथल्या रेगिस्तान चौकाचे फोटो तुम्ही पुष्कळ पाहिले आहेत, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. आज चोकरदिझाच्या जुन्या कब्रस्तानात धर्मचिंतक अबू मन्सूर मातुरिदींची कबर पाहिली. ते 944 साली वारले. आजची वास्तू मात्र 2000 सालची. तिथे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर सारखा थरथरत होता. दुआ सुरू झाली, तेव्हा त्यांनी तोच हात सावकाश छातीपर्यंत उचलला.

हजार वर्षांपूर्वी बसरा-बगदादला नेमक्या याच फरकावर वाद रंगला. थरथर माणसाची नव्हे, पण उचलणे? ते माणसाचेच, असे मुअतझिली पंथाचे विचारवंत म्हणत. पाप अल्लाहने घडवायचे आणि शिक्षाही त्यानेच द्यायची, मग तो न्यायी कसा? धर्मचिंतक अशअरी चाळिशीपर्यंत त्यांच्यातलेच. पुढे त्यांनी उलट विचारले: माणूस आपल्या कृतीचा निर्माता ठरला, तर अल्लाहखेरीज दुसरा निर्माता झाला; मग तौहीद, म्हणजे अल्लाहचे एकत्व, कुठे उरली? त्यांच्या मते कृती अल्लाह निर्माण करतो, माणूस ती कमावतो. यालाच 'कस्ब' म्हणतात. ती करण्याची ताकदही त्या क्षणीच मिळते आणि तेवढ्याच कृतीपुरती असते.

मला हे पटत नाही. उठण्याच्या क्षणी बसून राहण्याची ताकदच नसेल, तर निवड कसली?

बुखारा

ती. अण्णा,

मागच्या पत्रातल्या त्या अडचणीतून मातुरिदींनी वाट काढली. धडधाकट हातपाय आणि साधने माणसाजवळ आधीपासून असतात, म्हणूनच आज्ञा त्याला लागू होते. शिवाय हनफी पंथाचे इमाम अबू हनीफा यांचे मत त्यांनी पुढे नेले: ज्या ताकदीने नमाज पढता येते, तिनेच ती टाळताही येते. निर्माता एकच, निवडणारा माणूस. तौहीदही राहिली, जबाबदारीही राहिली.

हे आपल्यापासून दूरचे नाही. समरकंदला 1142 साली वारलेल्या नसफींचे अकाइदचे, म्हणजे श्रद्धातत्त्वांचे, छोटे पुस्तक याच परंपरेतले. त्यावरचे तफ्ताझानींचे भाष्य भारतातल्या मदरशांत दर्स-ए-निझामी या अभ्यासक्रमात शिकवले जाते. धर्मशास्त्राच्या पंथांत कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. शाफईंत अशअरींचे मत रुजले, हनफींत मातुरिदींचे.

'ही माणसे सगळे नशिबावर सोडतात' असे पारावर पुन्हा कुणी म्हणाले, तर त्याला हा वाद नीट समजावून सांगा.