फोलेटची डबी

गेल्या आश्विनांत सेमाडोहास दोन दिवस होतों. सिपनेचें पाणी निवळलें होतें. पिशवींत माझी ‘सक्रिय फोलेट’ची महागडी डबी होती. पायांस मुंग्या येत, म्हणून डॉक्टरांस न विचारतां, केवळ इंग्रजी वेष्टन वाचून मीं ती चार महिने चालविली होती. (आम्हां प्राध्यापकांना छापील अक्षर पुरे!)

गांवांत आशाताई गरोदर कोरकू बायांना लोह-फोलिकच्या लाल गोळ्या देत होत्या. मला लुसी विल्सची आठवण झाली. १९२८ सालीं ही विदुषी मुंबईस आली. गरोदर गिरणीकामगार स्त्रियांचा पंडुरोग तपासतां तपासतां यीस्टचा अर्क त्यावर गुणकारी ठरतो, हें तिनें दाखविलें. पुढें १९४१ सालीं पालकाच्या पानांतून काढलेल्या द्रव्यास पानावरूनच ‘फोलिक’ हें नांव पडलें.

त्या बायांस ती गोळी हवीच होती. माझी गोष्ट निराळी. अमरावतीस परतल्यावर रक्त तपासलें, तों उणीव बी-बाराची निघाली. तें वनस्पतींत नसतें, आणि पिढीजात शाकाहाराचा मला केवढा अभिमान! नुसत्या फोलेटनें रक्त सुधारल्यासारखें दिसतें. मज्जातंतू मात्र आंत झिजतच राहतात.

आतां बी-बाराच्या सुया घेतों. उजव्या पायाच्या मुंग्या गेल्या. डाव्या तळव्याच्या अजून आहेत.