फुलीवाल्या बोटी

आगबोटींची चित्रकार्डे जमवणाऱ्यांत दोन पंथ आढळतात. पहिल्याला 'क्वीन मेरी', 'नॉर्मंडी' अशा मानाच्या बोटी हव्या असतात. त्यांची कार्डे महाग, त्यांवरचे ग्रंथ जाडजूड, आणि त्यांच्याविषयी जे सांगायचे ते कोणीतरी आधीच सांगून ठेवलेले. दुसरा पंथ लहान आहे. त्यातल्या माणसाला एखादी बंद पडलेली, विस्मृतीत गेलेली कंपनी सापडते आणि मग तो आयुष्यभर तिच्याच मागे फिरतो. आम्ही या दुसऱ्या पंथाचे. गेली तीस-एक वर्षे आम्ही खांद्रिस या ग्रीक कंपनीच्या बोटींची कार्डे गोळा करीत आलो आहोत. इंग्रजी स्पेलिंग पाहून पुष्कळजण 'चँड्रिस' म्हणतात. ग्रीकांच्या तोंडी मात्र ते पहिले अक्षर आपल्या 'ख' आणि 'ह' यांच्या मधोमध कुठेतरी उमटते.

त्या अक्षराला महत्त्व आहे. ग्रीक वर्णमालेत त्याचे नाव 'खी', आणि ते लिहितात अगदी आपल्या फुलीसारखे. खांद्रिस घराण्याने आपले हे आद्याक्षर निळ्या धुराड्यांवर पांढऱ्या रंगात मोठे काढले. ग्रीक न जाणणाऱ्याला मात्र ते पाहून वाटावे की कोणी या बोटीचे नाव यादीतून खोडून टाकले आहे. आमच्या घरी या संग्रहाला 'फुलीवाल्या बोटी' असेच म्हणतात.

या घराण्याचा जहाजधंदा १९१५ सालचा, पण त्याच्या ज्या बोटी कार्डांवर सापडतात त्या बहुतेक १९६० नंतरच्या. नंतरच्या म्हणजे नव्या नव्हेत. दुसऱ्यांनी वापरून विकायला काढलेल्या बोटी घ्यायच्या, त्यांत जास्तीच्या खोल्या बसवायच्या, पांढरा रंग द्यायचा, धुराड्यावर फुली काढायची आणि नवे नाव देऊन समुद्रात सोडायच्या, अशी खांद्रिसांची रीत होती. १९३२ साली अमेरिकेत बांधलेली 'लर्लाइन' सॅन फ्रान्सिस्को आणि होनोलुलू यांच्या दरम्यान तीस वर्षे हिंडली आणि १९६३ मध्ये 'एलिनिस' झाली. तिच्याच वर्षाची तिची बहीण 'मॉन्टरे' आधी 'मॅट्सोनिया', मग 'लर्लाइन' अशी नावे घेत १९७० मध्ये खांद्रिसांकडे आली आणि 'ब्रिटानिस' म्हणून ओळखली जाऊ लागली. म्हणजे 'लर्लाइन' या नावाचे जुने कार्ड हाती आले की ते दोघींपैकी कोणत्या बहिणीचे, हे आधी ठरवावे लागते. अशा कोड्यात आमच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या आहेत, आणि त्या वाया गेल्या असे आम्हांस कधी वाटले नाही.

नावांची ठेवणही पाहण्यासारखी आहे. एलिनिस म्हणजे ग्रीक स्त्री. त्याच चालीवर अमेरिकानिस, ऑस्ट्रालिस, ब्रिटानिस. मराठीत बोट स्त्रीलिंगीच, त्यामुळे आपल्या कानाला हे खटकत नाही. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव कोरून माहेरचे नाव मिटवून टाकण्याची चाल आपल्यातही होतीच. ती फार चांगली होती असे आमचे मत नाही, पण या कार्डांचा अल्बम चाळताना तिची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

या सर्वांत ज्येष्ठ म्हणावी अशी कहाणी 'ऑस्ट्रालिस'ची. तिचे मूळ नाव 'अमेरिका'. ३१ ऑगस्ट १९३९ रोजी एलिनॉर रूझवेल्ट यांच्या हस्ते ती पाण्यात उतरली आणि दुसऱ्याच दिवशी युरोपात महायुद्ध पेटले. सैन्याची ने-आण करण्यासाठी ती आरमाराने घेतली आणि तिचे नाव 'वेस्ट पॉइंट' ठेवले. १९४१ च्या डिसेंबरअखेरीस ती ब्रिटिश सैनिकांना घेऊन मुंबई बंदरात आली होती. पुढच्या महिन्यात ती सैन्य घेऊन सिंगापूरला गेली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत सिंगापूर पडले आणि तेथील सैन्य जपान्यांच्या कैदेत गेले. युद्ध संपल्यावर ती पुन्हा 'अमेरिका' होऊन अटलांटिकवर धावली. १९६४ मध्ये खांद्रिसांनी ती विकत घेतली, प्रवाशांची सोय जवळजवळ दुप्पट करून दोन हजारांच्या वर नेली, आणि १९६५ पासून तिच्यातून माणसे ऑस्ट्रेलियाला जाऊ लागली.

ही माणसे सहलीला निघालेली नव्हती. कोणी ग्रीसच्या डोंगराळ खेड्यातले, तर कोणी दहा पौंड भरून सरकारी योजनेतून निघालेले इंग्रज कामगार. १९६७ ते १९७५ सुवेझचा कालवा बंद होता, तेव्हा वाट केप टाउनवरून होती. बोटीवर लिहिण्याच्या टेबलात चित्रकार्डे फुकट ठेवलेली असत, त्यामुळे ज्यांनी एरवी कधी चित्रकार्ड विकत घेतले नसते त्यांनीही ती लिहिली. आमच्या संग्रहातल्या 'ऑस्ट्रालिस'च्या कार्डांपैकी निम्म्याहून अधिकांवर मागच्या बाजूला ग्रीक हस्ताक्षर आहे. एका ग्रीक गृहस्थांकडून आम्ही त्यांतली काही वाचवून घेतली. मजकूर बहुतेक एकच: आम्ही बरे आहोत, समुद्र शांत आहे, आईला सांगा. एका कार्डावर बोटीच्या चित्रात एका खिडकीवर शाईने फुली मारून 'आम्ही येथे' असे लिहिले आहे. तिच्याच वर धुराड्यावर कंपनीची फुली.

१९७७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेऱ्या थांबल्या. मग बोट विकली गेली, परत आली, आणखी नावे पालटली. शेवटी तिचे तरंगते हॉटेल करायचे ठरले आणि 'अमेरिकन स्टार' हे नाव रंगवून तिला थायलंडकडे ओढून नेत असता, जानेवारी १९९४ मध्ये वादळात दोर तुटून ती कॅनरी बेटांपैकी फ्वेर्तेव्हेंतुराच्या किनाऱ्यावर लागली. लवकरच तिचे दोन तुकडे झाले. त्या मोडक्या बोटीचीही कार्डे निघाली आणि पर्यटकांनी ती घेतली. आम्ही ती घेतलेली नाहीत. संग्राहकाने असा विधिनिषेध पाळू नये म्हणतात; आम्ही पाळतो.

चित्रकार्ड हे खोटे बोलणारे दस्तऐवज आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्यावर आकाश नेहमी निळे आणि बोट नेहमी तरुण. आमच्याकडच्या एका कार्डावर जुन्याच छायाचित्रावर कुंचला फिरवून धुराडे निळे केले आहे. कठड्याशी उभे असलेले प्रवासी आधीच्या मालकाच्या काळातले आहेत. भिंगातून पाहिल्यावाचून हे कळत नाही, आणि एकदा कळले म्हणजे त्या प्रवाशांकडे पाहवत नाही.

आता आमच्या आत्याचे कार्ड. तिचे यजमान नैरोबीस रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. केनिया स्वतंत्र झाल्यावर, १९६५ साली, ती मंडळी मोम्बासाहून लंडनला निघाली ती 'केनिया कॅसल'मधून. ही बोट युनियन-कॅसल कंपनीची, १९५२ साली बेलफास्टला बांधलेली, सुमारे सतरा हजार टनांची. अंग फिकट जांभळे, धुराडे लाल आणि त्याला काळा काठ. आत्याने एडनहून आमच्या वडिलांना कार्ड टाकले. "बोट मोठी आहे. जेवणाला चव नाही. मुले आनंदात आहेत. बडोद्याला आता केव्हा येणे होईल ते अंबाबाई जाणे." या कार्डाने आम्हांला कार्डांचा नाद लावला.

'केनिया कॅसल' १९६७ मध्ये खांद्रिसांनी घेतली आणि पुढच्या वर्षी ती 'अमेरिकानिस' होऊन न्यूयॉर्कला जाऊ लागली. पुढे बरीच वर्षे कॅरिबियन समुद्रात तिच्या सहली चालत. आत्या नव्वदच्या सुमारास बडोद्यास राहायला आली तेव्हा आम्ही मोठ्या हौसेने तिला 'अमेरिकानिस'चे पांढरेशुभ्र कार्ड दाखवले. तिने ते चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हणाली, "अरे, ही ती नव्हे." आम्ही दोन्ही कार्डे शेजारी ठेवून समजावले की सांगाडा तोच आहे. ती म्हणाली, "सांगाडा असेल. त्या बोटीत मी चोवीस दिवस रडत होते, मला नको सांगूस." त्यावर बोलण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. ती १९९९ मध्ये गेली.

'अमेरिकानिस' २००१ साली अलंगला आली. भावनगरच्या पलीकडे खंभातच्या आखाताच्या त्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी फार चढते. त्या भरतीत बोट आपल्याच जोराने वाळूत चढवतात आणि ओहोटीत तोडतात. १९८३ पासून हे चालू आहे. खांद्रिसांकडे असलेली 'द व्हिक्टोरिया', म्हणजे १९३६ ची 'डनॉटर कॅसल', हीही २००४ मध्ये तेथेच संपली. जगभर हिंडलेल्या या बोटी आमच्या घरापासून एका दिवसाच्या वाटेवर येऊन मोडल्या. आम्ही गेलो तेव्हा तोडणीच्या वाड्यांत बाहेरच्यांना शिरू देत नव्हते, पण रस्त्याच्या दुतर्फा दुकाने होती: दारे, पलंग, काचसामान, जीवरक्षक जाकिटे, खुर्च्यांचे डोंगर. 'अमेरिकानिस'चे काही आहे का, म्हणून विचारत फिरलो. एका दुकानदाराने आम्हांला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "साहेब, अहीं तो बधुं वजनथी चाले." नावाने काही विकले जात नाही, हे त्याने पुढे हिंदीतही समजावून सांगितले.

प्रवासी कंपनी म्हणून खांद्रिसांच्या बोटी आता कोठेच नाहीत. 'ब्रिटानिस'ला भंगारात काढण्यासाठी ओढून नेत असता ती २००० साली केप टाउनजवळ बुडाली. 'गॅलिलिओ' हातोहात जात १९९९ मध्ये 'सन व्हिस्टा' या नावाने मलाक्काच्या सामुद्रधुनीत आग लागून बुडाली. सुदैवाने माणसे सर्व वाचली. घराण्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस सेलिब्रिटी नावाची नवी सहल-कंपनी काढली आणि १९९७ मध्ये तीही रॉयल कॅरिबियनकडे गेली. तिच्या अवाढव्य नव्या बोटींवर ती फुली मात्र अजून आहे. तिच्यातून जाऊन आलेल्या आमच्या एका परिचितांना ती इंग्रजी 'एक्स' वाटली, आणि ती तशी वाटावी अशीच आता ती काढतात.

गेल्या वर्षी आत्याच्या धाकट्या मुलाचे लेस्टरहून पत्र आले. आईचे 'केनिया कॅसल'चे कार्ड त्याला हवे आहे. बोटीवर तो सहा वर्षांचा होता. त्याची मागणी रास्त आहे. मराठी त्याला वाचता येत नाही, तेव्हा मागच्या मजकुराचे इंग्रजी करून आम्ही त्यास पाठवले, जेवणाला चव नसल्याच्या वाक्यासह. आणि लिहिले की कार्ड तुझेच आहे, पण आमच्या अल्बमात त्याच्या समोरच्या पानावर 'अमेरिकानिस' आहे; नेणार असशील तर दोन्ही ने. आत्याने चोवीस दिवसांविषयी जे सांगितले ते मात्र आम्ही त्यास लिहिले नाही. त्याचे उत्तर अजून यावयाचे आहे. कार्ड तूर्त अल्बमातून काढून पाकिटात घातले आहे.