काशाची वाटी

पीएलचे दिवस. रात्रीचा दीड वाजलेला. अख्खं हॉस्टेल अभ्यासात (किंवा पत्त्यांत) जागं होतं आणि मी झोपायला धडपडत होतो. पाठ टेकली रे टेकली की पोटऱ्यांच्या आत वळवळ सुरू! दुखणं नाही, मुंग्याही नाहीत. आतून कुणीतरी 'हलव, हलव' म्हणून ढोसतंय असं. पाय झटकले की बरं वाटायचं, थांबलो की पुन्हा तेच. कॉरिडॉरमधल्या माझ्या येरझाऱ्या पाहून वॉचमनकाकांनी विचारलंच, "काय साहेब, पेपरच्या आधीच निकाल लागला का?"

चौथ्या रात्री माझा रूम पार्टनर वैतागून उठला. खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि माझ्या पोटऱ्या चोळायला बसला. दहा मिनिटांत वळवळ निवली. झोप कधी लागली कळलंच नाही. असे पार्टनर देव सर्वांना देवो!

पण रोज त्याला कसं उठवणार? म्हणून घरी फोन केला. "आई, काशाची वाटी पाठव ना. रात्री पायांत वळवळ होते."

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "तुलाही होतं?"

तो 'ही' मला टोचला. लहानपणी मध्यरात्री आई स्वयंपाकघरात फिरताना दिसायची. मला वाटायचं, कामं करतेय. बाबांचे, आजीचे, आमचे, सगळ्यांचे तळपाय त्या वाटीने ती घासायची. तिचे कोणी घासले? कोणीच नाही.

डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात. एकबोम नावाच्या स्वीडिश डॉक्टरने 1945 मध्ये यावर सविस्तर लिहिलंय. बऱ्याचदा घराण्यात चालतं. चोळल्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण शरीरातला लोहाचा साठा कमी आहे का ते बघायला हवं. हिमोग्लोबिन ठीक असूनही तो कमी असू शकतो, म्हणून फेरिटिनची तपासणी. शिवाय संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद. (पीएलमध्ये! ही शिक्षाच.) माझं फेरिटिन कमी निघालं. आईचं तर त्याहून कमी. आता दोघांच्या गोळ्या चालू आहेत.

सुट्टीत घरी गेलो. रात्री वाटी आणि तूप घेऊन आईच्या पायाशी बसलो. तिने पाय ओढून घेतले. "वेडा झालास का? झोप जा." मी सोडले नाहीत. थोड्या वेळाने तूप काळं पडलं. "बघ, किती उष्णता निघाली," ती म्हणाली. कासं म्हणजे तांबं आणि कथील. तुपामुळे धातूच काळा पडतो, हे मटेरियल सायन्स शिकलेल्या मला ठाऊक होतं. पण बोललो नाही. वाटी फिरवत राहिलो.

वर पाहिलं तर आई झोपली होती.

मित्रांनो, सुट्टीत घरी गेलात की एकदा विचारून बघा, घरात रात्री कोण जागं असतं ते.