ऐंशीच्या पुढची थरथर

अंबरनाथ पश्चिमेत गाडी ऐंशीला नेता येईल असा रस्ता नाही. विम्को नाक्याहून उल्हासनगरकडे निघा नाहीतर बदलापूरकडे, रिक्षा-टेम्पोंच्या गर्दीत काटा पन्नासच्या वर क्वचितच जातो. त्यामुळे आमच्या हॅचबॅकचा आजार गावात कधी दिसलाच नाही. खोणी-तळोजा रस्त्याने कळंबोली गाठून मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेला लागलं, की ऐंशीच्या सुमारास स्टिअरिंग थरथरू लागे. नव्वदला ती थरथर मनगटापर्यंत येई आणि शंभरजवळ पुन्हा थोडी ओसरे.

पहिल्या गॅरेजवाल्याने जवळच एक चक्कर मारली, त्याला काही जाणवलं नाही. त्याने अलाइनमेंट करून दिली, बॅलन्सिंगही केलं. पाटीवर ही दोन कामं जोडीने लिहिलेली असतात, म्हणून लोकांना ती एकच वाटतात. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. ठरावीक वेगाला येणारी थरथर सहसा तिच्यामुळे नसते. आमचीही गेली नाही.

आमच्या इमारतीतले एक काका आयुध निर्माणीतून मशिनिस्ट म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कुठला पार्ट गेलाय ते सांगू नकोस. कधी हलतं ते सांग.”

माझ्या मते निदानातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच. ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग हलत असेल तर संशय ब्रेकच्या डिस्कवर जातो. तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर हलतं आणि पाय काढताच थांबतं, तर एक्सलचे जॉइंट तपासायचे. थरथर हातांऐवजी सीटमधून जाणवली, तर बहुधा मागची चाकं. आणि पाय कुठेही असो, ठरावीक वेगाला ती येतेच, तर चाक, टायर, रिम.

भल्या पहाटे काका शेजारी बसले आणि आम्ही एक्स्प्रेस वेला निघालो. नव्वदला त्यांनी पाचव्याचा चौथा गिअर टाकायला लावला. वेग तोच, इंजिनाचे फेरे वाढलेले. थरथर मात्र जशीच्या तशी. इंजिन आणि त्याची माउंटिंग तिथेच यादीतून बाहेर गेली.

परतताना त्यांनी हिशेब मांडला. आमचा टायर १६५/८० आर १४. त्याचा घेर साधारण १.९५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटरला चाक सेकंदाला जवळजवळ १३ वेळा फिरतं. रिमच्या कडेला नुसता २० ग्रॅमचा फरक असला, तरी शंभरच्या वेगाला तो सुमारे ३ किलो वजनाइतक्या जोराने चाकाला ओढतो, तोही प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलत. वेग निम्मा केला की जोर चौथाई उरतो. गावात काहीच का कळत नाही, त्याचं उत्तर यातच आहे. शिवाय स्प्रिंगवर टांगलेल्या चाकाची स्वतःचीही एक डोलण्याची लय असते. फेऱ्यांची लय तिच्याशी जुळते तेव्हा थरथर शिगेला पोचते, वेग आणखी वाढला की ओसरते.

पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसला, तरी एवढा फरक सहज पडतो. आम्ही तो खरवडून काढला. फरक नाही. मग पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावली. त्यानंतर स्टिअरिंग शांत झालं आणि सीट हलू लागली! दोष पुढच्या दोनांपैकी एका चाकातच आहे, हे एकही नवा पार्ट न घेता कळलं.

आता काकांनी त्यांचा डायल गेज आणला. संशयातली चाकं पुन्हा पुढे लावून एकेक जॅकवर उचललं, गेज रिमच्या कडेला टेकवला आणि चाक हाताने सावकाश फिरवलं. डावीकडच्या रिमला काटा जेमतेम हलला. उजवीकडे आतल्या कडेला तो दोन मिलिमीटरच्या पुढे गेला. खड्ड्यात आपटून रिम आतून वाकली होती. बाहेरून व्हील कव्हर असल्यामुळे काही दिसत नव्हतं. बॅलन्सिंगच्या मशीनने या चाकाला शून्य-शून्य दाखवलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. वजनं ठोकून भार सारखा करता येतो, पण वाकलेली रिम त्याने गोल होत नाही. असं चाक प्रत्येक फेऱ्यात एक्सलला किंचित उचलतंच.

नवी स्टीलची रिम घेतली. टायर चढवण्याआधी काकांनी त्याच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवले: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. कुठे फुगवटा नाही ना, हेही तळव्याने चाचपून पाहिलं. बॅलन्सिंग नव्याने झालं, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळले. पुढच्या फेरीत शंभरलाही स्टिअरिंग हललं नाही.

जुनी रिम स्टेपनीला वापरावी असा माझा विचार होता. काकांनी साफ नकार दिला. नागपूरहून येणारा समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनपासून आमण्यापर्यंत, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात उतरतो, आणि त्यावर कारला १२० ची मुभा आहे. शंभरला जो जोर असतो, त्याच्या जवळजवळ दीडपट १२० ला होतो. रिम त्याच संध्याकाळी भंगारात गेली.