रात्री दोन ते चार

जीपच्या मागच्या काचेवर पत्रिका चिकटवलेली होती. आसनगाव स्टेशनबाहेर ड्रायव्हर आणखी दोन शिटांची वाट बघत होता, तेवढ्या वेळात मी ती अथपासून इतिपर्यंत वाचून काढली. गाण्याच्या कार्यक्रमाचा कागद दिसला की माझी नजर आधी कलाकारांची नावं शोधते. वर्तमानपत्रांत गाण्याबद्दल लिहिण्यात अठ्ठावीस वर्षं गेली, ती खोड आता जायची नाही. आठ कीर्तनकार महाराजांची नावं ठसठशीत होती, फोटोंसकट. पण त्याखाली 'पहारा' असं शीर्षक आणि दोन-दोन तासांचे रकाने. सकाळी ६ ते ८ वरची आळी, ८ ते १० खालची आळी, मग एक पाडा, मग शेजारचं गाव, आणि रात्री २ ते ४ समोर पाण्यापलीकडची एक वाडी. माणसाचं नाव एकही नाही. त्याखाली सकाळची पंगत कुणाची, संध्याकाळची कुणाची. त्याखाली मंडप, पाणी, वाढपी. तळाशी 'आपले नम्र' म्हणून समस्त ग्रामस्थ व मुंबईकर मंडळ. कार्यक्रम करणार कोण आणि बघणार कोण, हे त्या कागदावरून काही कळेना.

एडिंबरोला मी दोनदा जाऊन आलोय. १९४७ साली तिथल्या पहिल्या महोत्सवाला आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना येऊन थडकल्या आणि त्यातून पुढे 'फ्रिंज' नावाचा अवाढव्य उत्सव उभा राहिला, हे मी दोन लेखांत रंगवून सांगितलं आहे. दूरदेशी माणूस थक्क व्हायच्या तयारीनेच उतरतो. विमानाच्या भाड्यात ते धरलेलंच असतं. कसारा लोकलने थक्क व्हायला जायची कुणाला सवय नसते. शिवाय हा मुलूख मला परका म्हणावा, तर रोज सकाळी मी त्याच्याच पाण्याने दात घासतो. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांचा जो साठा, त्यातला जवळजवळ निम्मा एकट्या भातसाचा. ते पाणी धरणातून नदीत सोडतात, खाली पिसे इथल्या बंधाऱ्यापाशी उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि मग ते आमच्या टाकीत येतं. शहापूर तालुका वर्षानुवर्षं असा माझ्या घरी येत होता. त्याच्या घरी मी पहिल्यांदाच निघालो होतो.

माघातले दिवस. आसनगावातून माहुलीचे सुळके दिसत होते, नवरा-नवरी आणि त्यांचं लग्न लावणारा भटोबा. भाताची शेतं कापून मोकळी झालेली, ओल धरून राहिलेल्या तुकड्यांत वाल उभा. भातसानगरची पाटबंधारे खात्याची वसाहत मागे टाकून जीप डांबरी सोडून उतरली, तशी गाव दिसायच्या आधी मृदंगाची थाप ऐकू आली. गावाचं नाव सांगत नाही. या भागात माघ-फाल्गुनात कुठल्याही फाट्याला वळलात तरी हेच दिसेल.

सप्ताह म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतला सप्ताह लाखोंच्या गर्दीचा, त्याची बातमी होते. हा तीनशे-साडेतीनशे उंबऱ्यांचा. मीही अशा मंडपांवरून शेकडो वेळा गेलो होतो आणि कर्ण्यांच्या आवाजाला नावं ठेवून काच वर केली होती. एक गोष्ट मात्र मला खरोखर ठाऊक नव्हती. सात दिवसांचे १६८ तास, म्हणजे दोन-दोन तासांचे ८४ पहारे. एवढ्या वेळात कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात वीणा असते आणि ती एकदाही जमिनीला टेकत नाही. नाम थांबत नाही. काकडा, पारायण, प्रवचन, हरिपाठ, कीर्तन, जागर हे सगळं त्या एका न थांबणाऱ्या सुराच्या अवतीभवती चाललेलं असतं.

मामांनी मंडपाच्या कडेला मला प्लास्टिकची खुर्ची दिली. मामा म्हणजे आमच्या छापखान्यातल्या जुन्या सहकाऱ्याचे मामा. आठ दिवस माझेही झाले. आख्ख्या मंडपात खुर्च्या तीन. एक नव्वदीच्या आजोबांना, एक सत्कारासाठी येणाऱ्या पुढाऱ्यासाठी राखलेली, एक मला. पोरं कीर्तनाकडे पाठ करून माझ्याकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी मामा शेजारी येऊन उकिडवे बसले.

"पाहुणे, तुमी वाजवता काय?"

"काही नाही. मी ऐकतो."

"ऐकता ते समजलं. पण करता काय?"

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात पहिल्या रांगेजवळ बसून मान डोलावणं हे काम आहे, असं मी इतकी वर्षं समजत आलो होतो. इथे ते सांगायची लाज वाटली. मामांनी खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि माझ्या हातात टाळ दिले. काशाचे, चांगले वजनदार. दोरीचा वेढा बोटाला घ्यायचा, मूठ आवळायची नाही. आवळली की नाद मरतो. अर्ध्या तासात मनगट भरून आलं. हरिपाठाला पावली सुरू झाली तेव्हा माझा पाय सरळसरळ सगळ्या गावाच्या विरुद्ध पडत होता. पुढच्या ओळीतली आठेक वर्षांची परकरी पोर वळली आणि "काका, डावा" म्हणून पुन्हा पुढे गेली. माझ्यावर लिहिली गेलेली ही सगळ्यात नेमकी समीक्षा.

मृदंगावर एक तेराएक वर्षांचा मुलगा होता. कीर्तनाच्या आधी तो कणीक मळत बसायचा. पोळीला मळतात त्याहून सैल, पाण्याचा हात लावत लावत, आणि मग तो गोळा डाव्या पुडीवर मधोमध थापायचा. एक थाप मारायची, कान लावायचा, कडेची चिमूटभर कणीक काढायची, पुन्हा थाप. मग लाकडी गठ्ठ्यांवर हातोडीचे दोन ठोके घालून उजवी बाजू पेटीच्या सुराला चढवायची. पंधरा मिनिटं त्याने मान वर केली नाही. भोवती वाढप्यांचा आरडाओरडा, माइकवाल्याचं "हॅलो, चेक", तान्ह्या पोरांचं रडणं. आणि हा त्या सगळ्यातून खर्जातला एक हुंकार वेगळा काढत होता. वाजवून झालं की वाळलेली कणीक खरवडून पहाटे कोंबड्यांना टाकायचा. दहावी झाली की आळंदीला जाणार म्हणाला. जोगमहाराजांनी १९१७ साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेचं नाव इथल्या पोरांच्या तोंडी असं येतं, जसं आमच्याकडे पवईच्या आयआयटीचं.

काकड्याला भल्या पहाटे उठवणारा गळा सहाआसनी रिक्षा चालवणाऱ्याचा निघाला. काळी चारच्या वरचा सूर, माइक नको म्हणावा असा. भैरवाच्या अंगाची चाल, आणि कोमल ऋषभ असा लागायचा की थंडीचा कडाका त्या सुरातूनच येतोय असं वाटावं. रागाचं नाव विचारलं तर म्हणाला, "आमच्या बाची चाल हाय." सकाळी ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बाया. अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या, सात दिवसांत संपवायच्या. ओळीखाली बोट ठेवून एका लयीत चाललेलं ते वाचन लांबून ऐकलं तर कौलांवर पाऊस पडल्यासारखं वाटतं. दुपारी त्याच बाया ढोलकी घेऊन भजनाला बसतात आणि त्यानंतरच्या फुगड्यांना वयाची अट नसते.

सगळंच गोड होतं असं नव्हे. कर्णे भयंकर. एका महाराजांनी तासभर सुनांवर आणि मोबाइलवर विनोद केले, पुरुष हसले, बाया पदर सावरत गप्प बसल्या; अभंगाच्या वाट्याला शेवटची पंधरा मिनिटं आली. राखीव खुर्चीवरचे पुढारी ऐन कीर्तनात अवतरले, शाल-श्रीफळ झालं, मृदंग वीस मिनिटं मांडीवर पडून राहिला. तेवढ्यातही कडेला उभा असलेला वीणेकरी मात्र सत्काराकडे ढुंकून न बघता आपलं नाम चालवत होता.

चौथ्या दिवशी दुपारी मामांच्या शेजाऱ्याबरोबर एका वारली पाड्यावर गेलो. तिथे लग्न होतं. आतल्या अंधाऱ्या खोलीत, शेणामातीने सारवून गेरू फासलेल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक काढत होत्या. बाभळीची काडी असेल की काय असं वाटलं, जवळून पाहिली तर बांबूची, टोक चावून मऊ केलेलं. मधोमध पालघट देवी. बाजूला धवलेरी गात होती. वारल्यांत लग्न लावते ती हीच, आणि लावते ते गाऊन. हीच चित्रकला १९७०च्या दशकात गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी भिंतीवरून कागदावर आणली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि आता ती रेल्वे स्टेशनांपासून साड्यांपर्यंत सगळीकडे दिसते. मी फोटो काढावा म्हणून पुढे सरकलो, तर एक बाई सहज म्हणाली, "अजून देव आला नाय त्यात." मी मागे झालो. संध्याकाळी परत येताना लक्षात आलं की त्या खोलीतही बघत उभा असलेला मी एकटाच होतो. बाकी सगळ्यांच्या हाताला काहीतरी काम होतं.

सहाव्या रात्री पावणेदोनला मामांनी माझी चादर ओढली.

"उठा. पल्याडच्या वाडीचा टेम्पो बंद पडलाय. एकटा म्हातारा आलाय चालत. दोघं लागतात, एकाला टाळ, एकाला वीणा."

"मामा, मला नाही येत."

"उभं ऱ्हाता येतं ना?"

पाय धुतले. आधीच्या पहाऱ्यातल्या माणसाने नाम न थांबवता वाकून माझ्या पायांना हात लावला, मी त्याच्या. आणि मी सावरायच्या आत पट्टा माझ्या गळ्यात होता. वीणा दिसते त्यापेक्षा जड असते. चार तारा, तर्जनीने छेडायच्या. 'रामकृष्णहरी' एवढंच म्हणायचं. समोर तो म्हातारा डोळे मिटून टाळ धरून उभा, वाडीपासून चालत आलेल्या पायांवर डांबरी रस्त्याची धूळ तशीच.

पहिली दहा मिनिटं मी स्वतःला ऐकत होतो. सूर किती खाली जातोय, लय धावतेय का, सवयीने सगळा हिशेब चालू. मग कधीतरी तो सुटला. जलाशयावरून धुकं मंडपात शिरलं होतं. सतरंजीवर पंधरा-वीस जण मुटकुळी करून झोपलेले. एक कुत्रं मांडवाच्या खांबाशी. पलीकडे आचाऱ्याने चुलाणात लाकडं सारली. अडीचच्या सुमाराला धूर घशात गेला आणि मी खोकलो. तेवढ्यात म्हाताऱ्याचाही श्वास घ्यायचा क्षण गाठला. नामाला पुरते दोन सेकंद खंड पडला असेल. झोपलेल्यांतले तिघं एकदम डोळे उघडून माझ्याकडे बघू लागले. मी पुन्हा सुरू केलं, ते पुन्हा झोपले. इतका जागता श्रोता मला ना पुण्यात भेटला, ना एडिंबरोत.

तीनच्या आसपास मोटारसायकल थांबली. हेल्मेट काढून एक तरुण पिंपापाशी गेला, पाय धुतले, थेट माझ्यासमोर येऊन वाकला. त्याने वीणा घेतली तेव्हा माझा खांदा ठणकत होता. नंतर चहाला कळलं की तो मुंबईत एका हॉटेलात काम करतो. सुट्टी मिळाली नाही म्हणून ड्युटी संपवून शेवटची कसारा लोकल पकडली, आसनगावला उतरला, तिथून मित्राच्या गाडीने गाव. दुपारी बाराच्या गाडीने परत. पत्रिकेच्या तळाशी छापलेले 'मुंबईकर मंडळ' ते हे. एवढ्या प्रवासात त्याच्या वाट्याला गाणं आलं एक तास, तेही कुणी नाव न घेता. घरी निजलेल्या पोराला बघून आलास का विचारलं, तर म्हणाला, "पहारा झाल्यावर जातो."

आठव्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन झालं, हंडी फुटली, दही-लाह्यांचा काला सगळ्यांच्या ओंजळीत पडला. दुपारी पंगती बसल्या. भात, आमटी, वांग्या-बटाट्याची भाजी, बुंदी. मी वाढायला उभा राहिलो. आमटीची बादली माझ्याकडे होती. मामांनी वीणेच्या तारा सैल केल्या, तिला कापडाची खोळ घातली आणि देवळातल्या खुंटीला टांगून ठेवली. मग वहीत पुढच्या वर्षीचे रकाने आखायला घेतले. रात्री २ ते ४ समोर वाडीचं नाव लिहून झाल्यावर माझ्याकडे बघितलं आणि कडेला पेन्सिलीने 'पाहुणे' असं लिहिलं.

तुम्हाला जायचं असेल तर माघापासून पुढे कधीही कसारा लोकल पकडा, आसनगावला उतरा आणि उभ्या असलेल्या जीपांच्या मागच्या काचा वाचा. टाळ तिथे मिळतात. खुर्ची मागू नका. आणि जेवल्याशिवाय कुणी सोडणार नाही, तेव्हा परतीची गाडी संध्याकाळची धरा.